दाराआडून वाचणारी सून

लाडकुंवर लग्न होऊन शिरपूरला आली, तेव्हापासून सासऱ्यांशी एक शब्दही बोलली नव्हती. मारवाडी घराची रीतच तशी. दलिचंदजी कापडाच्या दुकानातून जेवायला आले की ती पदर हनुवटीपर्यंत ओढून ताट ठेवायची आणि आत निघून जायची. काही सांगायचंच झालं तर सासूबाईंच्या, मोहनबाईंच्या तोंडून.

१९६७ साली धुळ्याला दलिचंदजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्टी घेऊन ते घरी आले आणि खाटेवर पडून राहिले. दुखण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती, पण सकाळचा पेपर वाचता येत नाही म्हणून ते कासावीस व्हायचे. मुलगा हीरालाल लवकरच दुकानात जाई. मोहनबाईंना अक्षरओळख नव्हती.

"आज काय छापलंय, कोणी सांगेल का मला?" ते पुन्हा पुन्हा विचारू लागले.

लाडकुंवरनं पेपर उचलला. माहेरी, राजस्थानातल्या पालीजवळच्या खेड्यात ती चौथीपर्यंत हिंदी शिकली होती. लिपी तीच, पेपरची मराठी मात्र वेगळी. दाराआड उभी राहून ती वाचू लागली. जोडाक्षराला अडखळली, 'माझा'तला 'झ' चुकला. मोहनबाई तिला गप्प करायला स्वयंपाकघरातून धावत आल्या. पण खाटेवरून आवाज आला, "जीभ दातांना लाव, बिंदणी. आणि थांबू नकोस."

सासऱ्यांनी आपल्या बिंदणीचा, सुनेचा आवाज पहिल्यांदाच ऐकला होता. ती पुढची बातमी वाचू लागली.

पट्टी सुटली, नवा चष्मा आला. आता आपलं काम संपलं, असं धरून लाडकुंवर भांडी घासायला बसली. दलिचंदजींनी पेपर वाचून झाल्यावर घडी घातली आणि पत्नीला म्हणाले, "हा बिंदणीला दे. दुपारी तिचा एक तास कोणी मोडायचा नाही."

"लोक काय म्हणतील?" मोहनबाई म्हणाल्या.

"लोकांना मी सांगेन."

ते स्वतः वाचनालयात गेले आणि सुनेच्या नावानं वर्गणी भरून आले. पुस्तकं हीरालाल आणायचा. सणवार असो, पापडांचा रगाडा असो, दुपारचा तो तास लाडकुंवरनं सोडला नाही. धाकट्या मुलीला गोवर निघाला, तेव्हाही ती उशाशी बसून वाचत होती. प्रवासवर्णनं, चरित्रं, शेतीची मासिकं, आरोग्याची पुस्तकं, काहीही. पुढं तिनं खटपट करून सातवीची परीक्षा दिली आणि पासही झाली. वाचलेलं मनात मावेना, तेव्हा ती ओसरीवर बसून शेजारणींना मोठ्यानं वाचून दाखवू लागली. कापूस वेचून आलेली सुगंधाबाई पाय पसरून बसायची आणि पुस्तकाकडे बोट दाखवून विचारायची, "आज त्यामा काय लिखेल शे?"

१९७४ मध्ये वाचनालयाच्या वार्षिक सभेत लाडकुंवर बोलायला उभी राहिली. डोक्यावर पदर होता, चेहरा मात्र उघडा. पहिल्या रांगेत सासरे बसले होते. ती त्यांच्याकडे पाहूनच बोलू लागली.

"संध्याकाळी इथं पुरुष बसतात, म्हणून बायका येत नाहीत. दुपारी वाचनालय बंद असतं. त्या वेळात ते आमच्यासाठी उघडं ठेवा. कुलूप मी उघडेन, पुस्तकांची नोंद मी ठेवेन."

चिटणीस गिरधरभाऊ हसून म्हणाले, "वहिनी, पण येणार कोण?"

मागं दाराजवळ उभी असलेली सुगंधाबाई पुढं झाली. "आम्ही बठ्ठ्या येसूत," ती म्हणाली. सगळ्याच येणार, म्हणून तिच्यामागच्या बायकांनीही माना डोलावल्या. मग दलिचंदजींनी हात वर केला आणि त्यांच्या पाठोपाठ एकेक हात वर जात राहिला. ठराव मंजूर झाला.

सोमवारी दुपारी लाडकुंवर किल्ली घेऊन आली, तेव्हा पायऱ्यांवर उभं राहायला जागा नव्हती. बाजारातले दुकानदार गल्ल्यावरून उठून बघत होते. तिनं दोन्ही दारं सताड उघडली आणि बाजूला सरून बायकांना म्हणाली, "या. हवं ते पुस्तक हातात घ्या."