अर्धा झगा, अर्धी भाकर

संत मार्टिनवर माझा राग होता. कडाक्याच्या थंडीत वेशीपाशी कुडकुडणारा भिकारी पाहून या घोडेस्वार शिपायाने आपला झगा तलवारीने कापला आणि अर्धा त्याला दिला, ही गोष्ट आईने मला लहानपणापासून सांगितलेली. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. ते घरी आणत त्या पत्रकांवरच मी वाचायला शिकलो आणि विशीत स्वतःची पत्रकं काढू लागलो. त्यातल्या एकात मी विचारलं होतं, अर्धाच का? गरिबाला अर्धं द्यायचं आणि स्वर्ग मात्र पुरा घ्यायचा, हा कुठला न्याय? अंधेरीच्या आमच्या गावठाणात त्यावरून बरीच बोलाचाली झाली. आईने मात्र ते पत्रक शांतपणे वाचलं, घडी घातली आणि घरच्या आल्तारीवर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यात, मार्टिनच्या तसबिरीखाली ठेवलं. "तोच देईल तुला जाब," एवढंच म्हणाली.

त्या वर्षी वडील गेले आणि पावसाळा संपता संपता आईला विषमज्वर झाला. नोव्हेंबरात ताप उतरला, पण तिची अन्नावरची वासनाच गेली. डॉक्टर म्हणाले, आता पोटात पेज गेली नाही, तर तापाने सोडलेलं माणूस अशक्तपणा नेईल. नेमका दुसऱ्या दिवशी मार्टिनचा सण आला. आमच्या घरी आजोबांपासूनचा नेम असा, की त्या दिवशी घरच्याने पायी जाऊन तीन गरिबांना आमंत्रण द्यायचं, आपल्या टेबलावर बसवायचं, आणि ते जेवल्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नाही. मी पेजेची वाटी पुढे केली. आईने ती दूर सारली.

"आधी पाव्हणे आण."

"आई, देव काय तुझ्या उपासावाचून अडलाय?"

"देव नाय रे. पण कोणतरी भुकेला असेलच ना? गरिबांवर एवढं लिहितोस, तुला तीन माणसं मिळायची नाहीत?"

रस्त्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला एकाही गरिबाचं नाव ठाऊक नाही. दरवर्षी आईच जायची. स्टेशनावरचा हमाल म्हणाला, "पाळी सोडून कुठं येऊ?" चर्चच्या पायरीवरचा म्हातारा तर हसलाच. "आज माझी तीन घरं ठरलीत, बाबा. एकाच दिवशी सगळ्यांना मार्टिन आठवतो. उद्या बोलव, उद्या मोकळा आहे." ऊन चढत होतं, घरी आई उपाशी होती, आणि मी मरोळच्या बाजूला दगडाच्या खाणींपर्यंत चालत गेलो.

तिथे एक वडारीण खडी फोडत होती. शेजारी तिचा म्हातारा सासरा आणि पाच-सहा वर्षांची लेक. मी गरिबांच्या मानाबद्दल चार वाक्यं बोललो. तिने हातोडा थांबवलाही नाही. "गरीब कोन? आमी मागाय आलतो व्हय तुज्याकडं?" मी तिथेच खडीवर बसलो. मग साधंच सांगितलं, "आई आजारी आहे. तुम्ही जेवल्याशिवाय ती जेवणार नाही."

हातोडा थांबला. "मंग आसं सांग की." माझ्या तोंडाकडे पाहून तिने विचारलं, "तू तरी खाल्लंस का काय?" आणि फडक्यातली भाकर मधोमध मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली, अर्धी स्वतः खाऊ लागली. नेम विसरून मी खाल्ली. तिने सगळी भाकर दिली असती, तर मी भिकारी ठरलो असतो. अर्धी दिली, म्हणून आम्ही दोघं जेवणारे झालो. झगा अर्धाच का, हे मला त्या खडीवर कळलं. मी मान खाली घालून रडलो, आणि खूप दिवसांनी मला बरं वाटलं.

तिचं नाव यल्लव्वा. ती तिघं माझ्याबरोबर आली, पण टेबलाशी बसल्यावर नवाच पेच. "आजारी मानूस उपाशी आन् आमी जेवायचं?" यल्लव्वा हात आवरून बसली.

"तुम्ही जेवल्याशिवाय मी नाय," आई खाटेवरून म्हणाली.

दोघी सारख्याच हट्टी. इतक्यात सणाच्या तळलेल्या फुग्याने, पिठाच्या त्या गोल वड्याने, गाल भरलेली पोर बोलली, "मी तर कवाच जेवतीया." बघतो तर ताटातले तीन फुगे संपलेले. आई इतकी हसली, की तिला उशीला टेकावं लागलं. त्याच हसऱ्या तोंडात यल्लव्वाने पेजेचा पहिला चमचा घातला. आईने वाटी संपवली आणि आणखी मागितली.

हा चमत्कार, असं मी म्हणत नाही. विषमज्वरानंतर भूक अशीच एकदम परतते, असं डॉक्टर सांगतात. मी पत्रकं अजून लिहितो, खाणीवरच्या मजुरीसाठी भांडतोही. माझं ते जुनं पत्रक तसबिरीखालीच आहे. आई काढू देत नाही. पण मार्टिनच्या सणाला सकाळी बाहेर पडताना आता मी वाक्यं जुळवत नाही. उपाशी पोटी निघतो आणि ज्याने मला खाणीपर्यंत चालवलं त्याच्यावर पुढचं सोपवतो. त्या दिवशी कोण कुणाला जेवू घालणार, हे ठरवणारा मी कोण?