फॉलोअपचा डबा

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यातल्या आम्ही चौघीजणी डोंबिवलीत भेटलो, की एका किश्श्यातून दुसरा निघतो आणि चहा दोनदा होतो. माझे सगळे किस्से एकाच शब्दाचे : फॉलोअप. हल्ली लोक मेसेज टाकतात आणि म्हणतात, फॉलोअप केला. मला हसू येतं.

मी सातवी पास, पॅकिंगला होते. इंग्रजी शिकले ती खोक्यांवरची लेबलं वाचून. आमच्यात बाहेर कामाला दिलेला माल वेळेवर परत आणायला एक माणूस होता. तो रोज फोन करायचा. कामत साहेब विचारायचे, "माल?" तो म्हणायचा, "फॉलोअप चालू आहे." माल आला नाही, शेवटी तोच गेला.

मी साहेबांना म्हटलं, "मी जाते."

"तीन महिने बघू. जमलं तर पर्मनंटचं लेटर, नाहीतर परत पॅकिंग."

* * *

आमच्या मालाला मुलामा देणारा डोंबिवलीचा प्लेटिंगवाला म्हणाला, "बाई, उद्या देतो."

"चालेल. बसते उद्यापर्यंत." दोन पुडांचा डबा त्याच्या टेबलावर ठेवला.

"एवढा डबा?"

"एक पूड दुपारचं, एक रात्रीचं."

चार वाजता माल टेम्पोत. खालचं पूड मी घरी नेऊन खाल्लं.

* * *

कल्याणचा खोकेवाला हुशार. मला बघितलं की मागच्या दाराने पसार. मग मी मागच्या दारातच बसायला लागले.

त्याची बायको म्हणाली, "ताई, ऊन लागतंय, आत बसा."

"मी आत बसले की तुमचे हे बाहेर जातात."

* * *

एकदा मला ताप भरला. पॅकिंगमधल्या शालनला सांगितलं, "प्लेटिंगवाल्याकडे जा. भांडू नकोस, बोलूही नकोस. फक्त माझा डबा टेबलावर ठेव."

शालन जेवणाच्या सुट्टीआधीच माल घेऊन परत. डबा तसाच भरलेला. आम्ही तो संध्याकाळी दोघींनी संपवला.

* * *

तीन महिने झाले, चार झाले. एकदाही माल अडला नाही. लेटर काही येईना. साहेबांना विचारलं.

"अहो, हेड ऑफिसकडे फॉलोअप चालू आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या केबिनमध्ये गेले, समोरच्या खुर्चीत बसले आणि डबा टेबलावर ठेवला. साहेबांनी डब्याकडे बघितलं. मग नीट बघितलं.

"बाई, आज चार पुडांचा?"

"हेड ऑफिस लांब आहे ना, साहेब."