खाच गेलेला स्क्रू

लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहत असताना मला बॅटरीवर पळणाऱ्या छोट्या गाड्या बनवायचा नाद होता. एका रविवारी मोटरच्या दातेरी चाकाचा स्क्रू काही केल्या निघेना. जोर लावून लावून त्याची खाच मीच झिजवली होती, आणि शिव्या मात्र स्क्रूला घालत होतो.

"आधी जेवून घ्या," बायको म्हणाली, "नाहीतर मलाच खाल."

जेवून आलो. सायकलच्या ट्यूबचा तुकडा खाचेवर ठेवला, त्यावर स्क्रूड्रायव्हर दाबला आणि हळूच फिरवला. निघाला लेकाचा! पण त्याचे आटेही गेले होते. तसला दुसरा आता कुठे शोधायचा?

बायकोने तो हातात घेऊन नीट पाहिला, उठली आणि शिलाई मशीनचा सुई आवळायचा स्क्रू काढून आणला. चपखल बसला. डोकं तेवढं मोठं, म्हणून गाडी टकटक करत पळाली.

"रविवारी मशीन बंदच असतं," ती म्हणाली. "उद्या सकाळी परत हवा."

पुढे कितीतरी वर्षं तो स्क्रू आठवडाभर ब्लाउज शिवायचा आणि रविवारी गाडी पळवायचा. नवा आणायचं आम्ही दोघांनीही कधी मनावर घेतलं नाही.