हलवू नका

आमच्या सोनाळ्यात ऊन असं पडतं की कोंबडी उकडलेलंच अंडं घालते. खोटं वाटत असेल तर मे महिन्यात या, येताना मीठ आणा. माझ्या तोंडून सहाचे साठ होतात हे गावाला ठाऊक आहे. आयुष्यात एकच आकडा मी कधी वाढवून धरला नाही, तो लेकीच्या इंजेक्शनचा.

तिसरीत गेली तरी तिला पहिलीतला फ्रॉक सैल व्हायचा. मी पारावर बढाई मारायचो, "माही पोरगी कपडे पुरवून वापरते!" एक दिवस बायको म्हणाली, "कपडे राहू द्या. पोरगी वाढून नाही राह्यली, पाह्यता का जरा?"

अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, हाताच्या हाडांचा फोटो काढला. अंगात वाढीचं हार्मोन कमी बनतं म्हणाले. रोज संध्याकाळी इंजेक्शन, काही वर्षं.

मी हळूच विचारलं, "साहेब, औषध दोन आकडे जास्त दिलं तर दिवाळीपर्यंत माह्याएवढी होईन का?"

"जास्त दिल्यानं लवकर वाढत नसते, त्रास मात्र होतो," डॉक्टर माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाले. "मी लिहिला तेवढाच आकडा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. डोकं फार दुखलं, नजर धूसर झाली, लंगडायला लागली, तर लगेच फोन."

मग नर्सबाईंनी पेनासारखं ते इंजेक्शन हातात दिलं. "फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलं तर वाया गेलं. दर वेळी नवी सुई, वापरलेली जाड डब्यात. रोज जागा बदला. आणि काका, औषध हलवू नका."

हलवू नका! माझ्या डोक्यात तेवढं पक्कं बसलं. जीप करून, डबा मांडीवर धरून, प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरच्या सात पिढ्या आठवत मी ते घरी आणलं, फ्रिजच्या दारातल्या वरच्या खणात ठेवलं आणि जाहीर केलं, "आता हे जागचं हलायचं नाही." दिवाळीत बायकोला फ्रिज सरकवून मागचं झाडू दिलं नाही. दर महिन्याचं नवं पेनही असंच मांडीवरून यायचं, आणि फ्रिजबाहेर निघायचं ते पुढच्या स्टुलापर्यंतच.

त्या स्टुलावर रोज आठ वाजता आमची बैठक. "आज कोन्ती?" "डावी." काल उजवी मांडी, आज डावी. बटण दाबल्यावर सुई आत ठेवून दहा मोजायचे असत. मोजायची ती, आणि दहा होईस्तोवर एक थाप संपवायची मी. अंबाबरव्याच्या जंगलातल्या वाघाने माझ्याकडून बिडी मागितली, सालईच्या झाडाने मला नावाने हाक मारली, असं काहीबाही. गोष्ट रंगली की पोरगी मोजायची, "सात... साडेसात... पावणेआठ..." सुई मांडीत आणि ही पावकीत! इतक्या लबाडीने मोजणारी दुसरी पोर वऱ्हाडात झाली नसेल.

पण सुट्टी लागली की तिचं एकच टुमणं असायचं, डोणगावला मामाकडे जाऊ. मी म्हणायचो, "औषध हलवता येत नाही, माय." दिवाळी गेली. उन्हाळा गेला. भरलेली पिशवी ती स्वतःच रिकामी करून फ्रॉक परत कपाटात ठेवायची. पुढे तर पिशवी भरणंही सोडलं. तेव्हा मला वाटलं, शहाणी झाली.

दुसऱ्या दिवाळीला मामाचा फोन आला. ती स्टुलावर बसली, मांडी पुढे केली आणि म्हणाली, "बाबा, एक इचारू? अकोल्याहून हे पेन पायी आलं होतं काय?"

बायको कणीक मळता मळता हसायला लागली, ती थांबेचना.

सकाळी नर्सबाईंना फोन केला. "अहो काका, हलवू नका म्हणजे खळखळवू नका! न्या की. थर्मासच्या डब्यात बर्फाची पिशवी, मध्ये टॉवेल. पेन बर्फाला टेकू देऊ नका, उन्हात ठेवू नका. पण वर्षभर पोरीला कुठं नेलंच नाही?"

मी म्हटलं, "लाइन खराब आहे," आणि फोन ठेवला.

त्याच दुपारी आम्ही डोणगावला गेलो. मामाच्या दारात लेक सगळ्यांना दरडावत होती, "डबा खळखळवायचा नाही!" तिथेही आठ वाजता दहा मोजले. तिथे मात्र ती भरभर मोजून अंगणात पळाली. माझा वाघ अर्ध्यातच राहिला.

पुढे ती वाढली. फ्रॉक आखूड झाले, दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या रेघा वर चढल्या, आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, "आता बस." आम्ही पेढे वाटले. आता अमरावतीला कॉलेजात आहे, आईपेक्षा चार बोटं उंच. इथे मी भर घातलेली नाही, मोजून घ्या.

फ्रिजच्या त्या खणात बायको कोथिंबीर ठेवते. मी ती खाली काढून ठेवतो. आठ वाजले की उगाच दार उघडतो. गोष्टी आहेत, पण दहापर्यंत मोजणारं कोणी नाही.

परवा लेक फोनवर म्हणाली, "मले सुट्टी नाही बाबा. आता तुमीच हला ना जरा."

आज एस.टी.त बसलोय. मांडीवर तोच थर्मासचा डबा, आत घट्ट विरजलेलं घरचं दही, तिच्या आवडीचं. बाजूचा म्हणाला, "काका, वर ठेवा ना डबा."

"औषध हाय," मी म्हणालो. "हलवता येत नाही."