तीन दुर्बिणी आणि चाचांचा डावा डोळा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी ब्रह्मपुरीच्या आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेच्या परिचरांकडे बोट दाखवतो. प्राध्यापकांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना चाचा म्हणत. मीही चाचाच म्हणतो.

माझे वडील वडशाच्या एका धान मिलमध्ये पोती उचलत. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. प्रवेशाच्या दिवशी मी अर्ज हातात धरून खिडकीसमोर उभा होतो आणि विषयाच्या रकान्यात काय लिहायचं ते मला कळत नव्हतं. खाकी शर्टातला एक माणूस जवळ आला.

"का बाबू, काय आवडते तुले?"

"पाखरं," मी म्हणालो.

खिडकीतला कारकून हसला. चाचा हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातला पेन घेतला आणि रकान्यात 'प्राणिशास्त्र' लिहून टाकलं. आज मी चंद्रपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, ते त्या दिवसामुळे.

प्रयोगशाळेच्या कपाटात एक दुर्बीण होती. जुनी, काळी, विटेएवढी जड. कपाटाची किल्ली चाचांकडे असे. रविवारी सकाळी ते आम्हा चार-पाच विद्यार्थ्यांना गावाबाहेरच्या बोडीवर घेऊन जात. धानाच्या पाण्यासाठी बांधलेल्या लहान तळ्याला आमच्याकडे बोडी म्हणतात. त्या दुर्बिणीच्या डाव्या नळीत आतून बुरशी चढलेली होती. चाचांच्या घरी घड्याळदुरुस्तीचा पिढीजात धंदा. त्यांनी बारीक पेचकस घेऊन ती नळी दोनदा उघडली, पण भिंगाला लागलेली बुरशी काही निघाली नाही. मग त्यांनी साधा उपाय काढला. पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, आम्हाला रांगेत उभं करायचे आणि म्हणायचे, "डावा डोळा बंद. उजव्यानं पाहा. अन् मंग पुढच्याले दे."

त्यांनी असं किती तुकड्यांना शिकवलं असेल, कोण जाणे. पुढे कितीतरी ठिकाणी पक्षी पाहणाऱ्यांत एखादा डावा डोळा घट्ट मिटून उभा दिसला, की मी खुशाल जाऊन विचारायचो, "ब्रह्मपुरीचे काय?" बहुतेक वेळा उत्तर 'हो' असायचं.

गेल्या हिवाळ्यात पक्षीगणना करणाऱ्या एका गटाने माझ्याकडे तीन लहान दुर्बिणी पाठवल्या. तिन्ही उत्तम प्रतीच्या, भारी. गणनेसाठी स्वयंसेवकांना कोणती द्यावी हे ठरवायचं होतं. भिंगांची परीक्षा त्यांनी करून घेतली होती; त्यांना हवं होतं ते एवढंच, की हातात कोणती बरी बसते, दोन-तीन तास वापरून कोणती त्रास देत नाही. महिनाभर वापरा आणि लिहून कळवा, असं पत्र सोबत होतं. मला फार आनंद झाला. असं कोणी माझं मत मागेल असं मला वाटलं नव्हतं.

पहिली दुर्बीण आठ पटीची, दोन बिजागऱ्यांची. घडी घातली की शर्टाच्या खिशात जाते. दुसरी तेवढीच बारीक, पण दहा पटीची. तिसरी पुन्हा आठ पटीची, जरा भरीव. खिशात मावत नाही, गळ्यात अडकवावी लागते. मी रोज सकाळी शाळा भरण्याआधी त्या घेऊन मैदानामागच्या पिंपळाखाली उभा राहू लागलो. पिंपळावर हरियलांचा, म्हणजे हिरव्या कबुतरांचा, थवा येई. दोन आठवड्यांत माझी वही भरली. दहा पटीची सर्वांत छान, असं मी लिहिलं. हरियलाच्या डोळ्याची कडसुद्धा तिच्यातून दिसते. पहिली खिशातली म्हणून दुसऱ्या नंबरावर. तिसरीबद्दल लिहिलं होतं, "विनाकारण मोठी."

एका सकाळी भूगोलाच्या बाई मागून आल्या. त्या मूळच्या नागभीडकडच्या, जिभेला धार.

"सर, पाखरांले डोळा मारून राह्यले काय? झाडीपट्टीच्या नाटकातले हिरो वाटून राह्यले तुमी."

"म्हणजे?"

"म्हणजे डावा डोळा काऊन मिटला? दोन नळ्या देवानं उगाच देल्या का?"

मी दुर्बीण खाली घेतली. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलंच नव्हतं. मी दोन्ही डोळे उघडे ठेवून पुन्हा पाहायला गेलो, तर डावी पापणी आपोआप खाली येई. बाईंनी हसत हसत त्यांच्या पदराला टोचलेली सेफ्टीपिन दाखवली, "लावून देऊ का वरतं?" शेवटी बऱ्याच खटपटीनंतर दोन गोल सरकत सरकत एकात एक मिसळले आणि पिंपळाच्या फांद्या एकमेकींपासून सुटून मागे-पुढे उभ्या राहिल्या. हरियल फांदीला चिकटलेला नव्हता. तो फांदीच्या अलीकडे, हवेत बसलेला होता. मला जरा लाज वाटली आणि पुष्कळ मजाही.

वहीतलं सगळं मी खोडलं. एका डोळ्याने पाहताना मला तिन्ही सारख्याच सोयीच्या वाटल्या होत्या. दोन्ही डोळ्यांना मात्र तसं वाटत नाही. खिशातली दुर्बीण दर वेळी उघडताना दोन्ही बिजागऱ्या आपल्या डोळ्यांच्या अंतराला जुळवाव्या लागतात. तोवर पाखरू उडतं. तिचं फोकसचं चाक बोटाच्या पेरापेक्षा बारीक आहे, आणि थंडीत बधिर झालेलं बोट त्यावरून घसरतं. दहा पटीची श्वासाबरोबर हलते. डोळा तसूभर सरकला की काळी सावली आत येते आणि पंधरा मिनिटांत कपाळ दुखू लागतं. तिसरीच्या पोटाला मात्र अंगठे टेकवायला दोन खोलगट जागा आहेत. ती हातात घेतली की अंगठे तिथे जातात आणि पहिलं बोट न शोधता चाकावर पडतं. डोळ्यांजवळची रबरी कडी फिरवून वर-खाली करता येते. ती कशाला, हे मला कळलं नाही, कारण मला चष्मा नाही.

चष्म्यावरून चाचा आठवले, त्यांना कायम चष्मा असे. हे सगळं त्यांना सांगायलाच हवं होतं. मी फोन केला. चाचींनी उचलला.

"ते आता बोडीवर जात नाई, बाबू. उजवा डोळा गेला न त्यायचा. साखरेनं पडदा खराब केला. डॉक्टर म्हणते का डावा चांगला हाय, चष्मा लावून पेपर वाचते. पण पाखरं सोडले त्यायनं. सकाळी नुसते वसरीत बसून रायते."

निवृत्त झाल्यापासून, कॉलेजने मोडीत काढलेली ती जुनी दुर्बीण घेऊन, चाचांचा दिवस बोडीवर सुरू होत असे. कोणत्या थंडीत किती अडई बदकं उतरली, हे त्यांना तोंडपाठ होतं. आता ते सारं थांबलं होतं, आणि ते थांबलेलंच राहणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. मी तिन्ही दुर्बिणी पिशवीत घातल्या आणि शनिवारी दुपारच्या बसने ब्रह्मपुरीला गेलो.

रविवारी सकाळी चाचा यायला तयार नव्हते. "तू जाऊन ये. मले काय दिसते तिथं?" चाचींनी त्यांच्या हातात मफलर दिला आणि स्वतः पायात चप्पल घातली. एकदा पाळीवरून त्यांचा पाय घसरला होता, तेव्हापासून चाची त्यांना एकट्याला सोडत नसत. आम्ही तिघे निघालो. पाळीवर चाचींनी त्यांचं कोपर धरलं होतं.

बोडीत कमळाची पानं पसरली होती. मी चाचांच्या हातात तिसरी दुर्बीण दिली. त्यांनी ती तोलून पाहिली, बिजागरी उघडून मिटून पाहिली, कानाजवळ नेऊन चाक फिरवलं. घड्याळवाल्याच्या घरचा माणूस. मग डोळ्यांना लावली आणि लगेच खाली घेतली.

"धुकं हाय, बाबू. म्हटलं होतं न तुले."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डावा डोळा घट्ट मिटला होता.

"चाचा, डावा उघडा."

"डावा कायले? डाव्या नळीत बुरशी असते."

हे म्हणून ते स्वतःच थांबले. चाची पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"चाळीस वर्ष पाखरांले डोळा मारला," त्या म्हणाल्या, "मले एक डाव नाई मारला."

"तू चूप राय न," चाचा म्हणाले. पण त्यांनाही हसू आलं होतं.

डावा डोळा उघडा ठेवणं त्यांना माझ्यापेक्षाही कठीण गेलं. दुर्बीण वर गेली की पापणी खाली. शेवटी चाचींनी पुढे होऊन दोन बोटांनी त्यांची भुवई वर ओढून धरली. चष्म्यामुळे चित्राच्या कडा कापल्या जात होत्या; मग मला ती रबरी कडी कशाला असते ते कळलं. ती खाली फिरवली तशी चष्म्याची काच भिंगाला टेकली आणि चाचा म्हणाले, "हां, आता खिडकी मोठी झाली." पण चित्र अजून पुसट होतं. मी त्यांना सांगितलं, की मधलं चाक दोन्ही नळ्यांना हलवतं आणि उजव्या नळीवरची वेगळी कडी फक्त उजव्या डोळ्यासाठी असते.

त्यांनी बोटाने मधलं चाक चाचपलं. "म्हणजे डाव्याचं काम निस्तं चाकावर भागते?"

"हो."

"मंग उजव्या कडीले हातच नोको लावू," ते म्हणाले आणि चाक फिरवू लागले. हळूहळू, घड्याळाचा काटा जुळवावा तसं. बोट थांबलं. चाचींनी भुवई कधी सोडली, ते तिघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

"कमळपक्षी," चाचा म्हणाले. "पानावर चालून राह्यला. पाह्य पाह्य, किती लांब बोटं हायेत रे त्याचे."

मी त्यांना बाकीच्या दोन्हीही दिल्या. खिशातली त्यांनी लगेच परत केली. त्यांच्या बोटांना तिच्यावर जागाच नव्हती. दहा पटीच्या दुर्बिणीतून पाहिलं आणि म्हणाले, "हे त मले बोडीसकट हालवून राह्यली." पुन्हा तिसरी गळ्यात घालून ते पाळीवरून पुढे चालू लागले. चाचींनी कोपर धरलं, ते त्यांनी सोडवून घेतलं नाही, पण आता ते पुढे आणि चाची मागे, अशी चाल होती. उन्हं वर आली तरी ते परतायचं नाव काढत नव्हते.

निघताना मी म्हणालो, ही तुमच्याकडेच राहू द्या. त्यांनी पट्टा गळ्यातून काढला, व्यवस्थित गुंडाळला आणि दुर्बीण माझ्या पिशवीत ठेवली.

"गटवाल्यायची हाय. परत कर. अन् तू घेऊन देशील म्हणशील त नाई. मी विद्यार्थ्याकडून खडूचा तुकडा घेतला नाई आजवर."

मी वाद घातला नाही. चंद्रपूरला येऊन तिन्ही दुर्बिणी परत पाठवल्या आणि अहवालात तिसरीची शिफारस केली. सोबत लिहिलं, की माझं मत चष्मा नसलेल्या माणसाचं आहे. गटाचं उत्तर आलं: चष्मा लावणाऱ्या, वयस्क माणसाचं मत मिळालं तर फार उपयोग होईल. त्याच महिन्यात मी तशीच एक दुर्बीण स्वतःसाठी घेतली. मग ती डब्यात भरून, सोबत हे पत्र ठेवून, ब्रह्मपुरीला पाठवली.

आदरणीय चाचा,

सोबतची दुर्बीण माझी आहे. ती तुम्हाला भेट देत नाही. ही थंडी संपेपर्यंत ती तुम्ही वापरावी एवढीच विनंती आहे, आणि त्याला कारण आहे. गटाला चष्म्यावाल्याचं मत हवं आहे आणि ते माझ्याकडून होणार नाही. गटाचं पत्र सोबत जोडलं आहे, म्हणजे मी बनवून सांगतो असं वाटणार नाही. शिवाय आपल्या बोडीची या वर्षीची गणना कोणीच घेतलेली नाही. फॉर्म डब्यात तळाशी आहे. निरीक्षक या रकान्यात तुमचं नाव मी लिहून टाकलं आहे. न विचारता लिहिलं, त्याबद्दल क्षमा करा.

पट्टा तुमच्या उंचीप्रमाणे आखूड केला आहे, दुर्बीण छातीवर बसेल, पोटावर आपटणार नाही. भिंग मफलरने पुसू नका, डब्यात मऊ फडकं आहे. तासाभराने मान भरून आली किंवा चष्मा नाकावर रुतला, तर तेही फॉर्मच्या मागे लिहा. चांगलंच लिहायचं असं काही नाही. चाचींनाही पाहायला द्या आणि त्यांना काय वाटलं तेही लिहा.

शाळेला रविवारी सुट्टी आहे. मी पहिल्या बसने निघतो. घरी माझी वाट पाहू नका, चहासाठीही थांबू नका. मी सरळ पाळीवर येतो.

तुमचा,
बाबू