दाजींचे स्पीकर

लातूरहून भाचीचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी दाढी करत होतो. ती काय म्हणाली ते नीट कळलं नाही. "मोठ्यानं बोल गं," मी म्हणालो. मग तिनं रडत रडत पुन्हा सांगितलं, "मामा, बाबा गेले..." ते वाक्य मी तिला दोनदा बोलायला लावलं. नंतर कित्येक दिवस मी नेटवर्कला दोष देत राहिलो.

दाजी, म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. दुकान कापडाचं, पण जीव सगळा बैठकीतल्या दोन लाकडी स्पीकरांत. दर खंडेनवमीला दुकानातल्या कात्री-गजाबरोबर त्यांचीही पूजा व्हायची, झेंडूचं फूल वाहिलं जायचं आणि मग स्पीकरांची परीक्षा. त्यासाठी मी नांदेडहून मुद्दाम जायचो. गाणं लावायचं नाही हा दाजींचा नियम. "गाण्यानं कान भुलतो रे. घरचा आवाज भुलवत न्हाई," म्हणायचे. लग्नानंतर आक्का सुपात तांदूळ पाखडत असताना त्यांनी तेवढंच टेप करून ठेवलं होतं; पुढं ते पेनड्राइव्हवर घेतलं. दोघांनी डोळे मिटून ऐकायचं, तांदूळ कसे, सूप कसं, बांगड्या कशा, आणि मग कडाकडा भांडायचं. आक्का आतून ओरडायची, "येडे झालेत दोघंबी! मी हितं जित्ती हाय की!"

गेल्या खंडेनवमीला मी म्हणालो, "दाजी, बांगड्यांचा आवाज बसलाय." ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले... मग हळूच म्हणाले, "हाव. स्पीकर थकले आता." पहिल्यांदाच भांडले नाहीत. मला जिंकल्यासारखं वाटलं. आमच्या वडिलांचे कान लवकर गेले होते. शेवटी शेवटी ते माणसांत बसून नुसते हसायचे. त्या हसण्याची मला लहानपणापासून भीती वाटते.

परवा लातूरला गेलो. दाजींची जागा सोडून बसलो आणि पेनड्राइव्ह लावला. तांदूळ ऐकू आले, सूप ऐकू आलं. बांगड्या... नाहीतच. आवाज वाढवला, तरी नाहीत. तेवढ्यात आक्का चहा घेऊन आली.

"आक्का, बांगड्या ऐकू येतात का गं?"

"न्हाई यायला काय झालं? खणखण वाजायल्यात की!"

म्हणजे दाजींना तेव्हाच कळलं होतं. माझ्यावर येणारं त्यांनी स्पीकरांवर ढकललं होतं. आता तसं ढकलणारंही कुणी नाही. मी घाईघाईनं पेनड्राइव्ह काढला.

आपल्यामागं बांगड्या उतरवायच्या नाहीत असं दाजींनी बजावलं होतं, म्हणून आक्काचे हात भरलेले होते. तिनं बशीत चहा ओतला. हिरव्या बांगड्या मनगटावर घसरल्या, एकमेकींवर आपटल्या. मी बघत होतो. आवाज आला नाही. बशी पुढं करत आक्का हळू आवाजात काहीतरी म्हणाली... आणि मी नुसता हसलो.