चार आण्यांचा भागीदार

बँकेतल्या त्या तरुण अधिकाऱ्याला माझ्या बायकोचा मोशीचा फ्लॅट फार आवडला. मी गेलो होतो मशीनसाठी कर्ज मागायला, आणि बोलणं चाललं होतं पार्किंगवर छप्पर आहे का, लिफ्ट किती, बाल्कनीतून काय दिसतं. मी म्हणालो, समोरच्या लोकांची बाल्कनी दिसते. त्याने तेही लिहून घेतलं.

चाकणला भाड्याच्या शेडमध्ये आमचा छोटा कारखाना आहे. मी, बायको आणि पाच कामगार. एका मोठ्या कंपनीकडून गाडीच्या तेलपंपाचं ॲल्युमिनियमचं झाकण करायचं काम मिळणार होतं, आणि आमच्या म्हाताऱ्या मशीनला त्या कामाचा वेग झेपणारा नव्हता. नवं घ्यायला बँक पैसे देत होती, फक्त फ्लॅट गहाण ठेवायचा. तो फ्लॅट बायकोचा. एका कंपनीच्या तपासणी विभागात पंधरा वर्षं उभं राहून जमलेल्या पीएफमधून तिने तो घेतला होता. ती म्हणाली, "कारखाना बुडाला तर मी परत नोकरी करीन. भाड्याच्या घरात परत जाणार नाही." हे ती एकदाच म्हणाली. ती एखादी गोष्ट दहादा म्हणते तेव्हा मी निर्धास्त असतो. एकदाच म्हणते तेव्हा घाबरतो.

बँकेत चार फेऱ्या झाल्या. दर फेरीला एक कागद कमी निघायचा. पाचव्या फेरीत त्या तरुण साहेबाने विचारलं, "सर, तुम्ही नक्की काय बनवता?" मी मोठ्या थाटात झाकणाचा नमुना काढून टेबलावर ठेवला. त्याने तो उचलला, वजन पाहिलं आणि पंख्याने उडणाऱ्या माझ्याच कागदांवर ठेवून दिला.

माझ्या या फेऱ्यांची बातमी आमच्या शेडमालकांपर्यंत पोचली. यांची शेती औद्योगिक वसाहतीत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी चार शेड बांधल्या, आणि तेव्हापासून त्यांना भाडं घेण्यापलीकडे काम नाही. साठीचा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतला, पूर्णपणे रिकामा माणूस. मी त्यांना दादा म्हणतो. एका सकाळी ते माझ्यासमोर येऊन बसले.

"सायेब, बँकेत कशाला हेलपाटे घालताय? मी देतो की पैसं."

"व्याज किती लावाल, दादा?"

"व्याज कशाला? चार आणे हिस्सा द्या. कमावलं तर त्यातलं चार आणे माझं. बुडलं तर माझंबी बुडलं."

मी मनातल्या मनात एक गिरकी घेतली. व्याज नाही, हप्ता नाही, फ्लॅटला हात नाही. जगात इतकी सोपी गोष्ट असताना लोक बँकेत जातात तरी कशाला?

"पर आधी म्हैनाभर बसून बघतो," दादा म्हणाले. "पैसा घालायचाय. बघायला नको व्हय?"

तो महिना मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. पहिल्या दिवशी ते माझ्या आधी हजर. दुसऱ्या दिवशी सोबत दोन मित्र, आणि मित्रांना कारखाना दाखवायला मी. तिसऱ्या दिवशी मी माल पोचवून आलो तर कॉम्प्रेसर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलेला. आधीची दिशा वाईट होती म्हणे. मशीन थांबलं की दादा उठलेच. "का थांबलं?" टूल बदलतोय. "काल बी बदललं हुतं की." एकदा तर आमच्या गिऱ्हाइकाचा फोन यांनीच घेतला आणि सांगितलं, "सायेब बाथरूमला गेल्यात. मी भागीदार बोलतोय, सांगा." अजून सही नाही, पैसा नाही, आणि हे भागीदार.

रोज घरी येऊन मी बायकोसमोर दादांची नक्कल करायचो. ती भाजी निवडत हसायची. एकदा तिने विचारलं, "बँकवाला शेडवर किती वेळा आला?"

"एकदाही नाही. तेच तर त्याचं सौंदर्य आहे."

ती हसायची थांबली. मी मात्र ठरवून टाकलं होतं. बँकच बरी. हप्ता न्या, पण मला माझ्या खुर्चीत एकट्याला बसू द्या. दुसऱ्या दिवशी दादांना तसं सांगून टाकलं. वाटलं होतं रागावतील, भाडं वाढवतील. त्यांनी नुसतं एक झाकण हातात घेऊन फिरवलं.

"हे कशाला लागतंय म्हणला?"

"तेलाच्या पंपाला."

"बॅटरीच्या गाडीला तेलाचा पंप असतो का?"

रोज त्यांची नक्कल करणारा माझ्यातला नट कुठल्या कुठे पळाला.

"कंपनीनं किती वर्साचं लिहून दिलंय?"

"तोंडी आहे, दादा."

"ह्या दारातनं आदीच्या भाडेकऱ्यांच्या तीन मशिनी हायड्रा क्रेननं उचलून भाईर नेताना बघितल्यात म्या. बँकेचं स्टिकरबी निघालं नव्हतं. तवा गप बसलो. माझं भाडं मिळत हुतं, मला काय करायचंय?"

त्याच दुपारी मी आणि बायको कंपनीत गेलो. खरेदी विभागातला माणूस गोड बोलला. या वर्षाचं काम नक्की, पुढचं नव्या मॉडेलवर. बायकोने विचारलं, "नवं मॉडेल बॅटरीचं आहे का?" तो गळ्यातलं ओळखपत्र सरळ करत म्हणाला, "मॅडम, ते आमच्याही हातात नाही."

परतताना ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो, त्यामुळे विचार करणं भागच पडलं. बँकेने एवढे कागद मागितले, पण झाकण कुठे बसतं हे विचारलं नाही. विचारील कशाला? झाकण चालो न चालो, तिच्या हातात फ्लॅट होता. दादांच्या हातात झाकणाशिवाय काहीच येणार नव्हतं, म्हणून त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. एवढी साधी गोष्ट कळायला मला पन्नाशी उलटावी लागली, आणि ती शिकवायला हाच माणूस मिळावा, याचा संताप वेगळाच.

शेवटी दादांचाच पैसा घेतला. नवं मशीन रद्द. भोसरीतून एक वापरलेलं घेतलं, ज्यावर झाकण बंद झालं तरी दुसरं काम करता येईल. घासाघीस दादांनी केली. विकणारा शेवटी पाणी मागत होता.

करारपत्राच्या दिवशी चिंचवडला वकिलाकडे मी माझी एकुलती एक अट मांडली. भागीदारांनी आठवड्यातून दोनच दिवस कारखान्यात बसावं.

"आन बाकीचं दिस मी करू काय?" दादांनी विचारलं.

"बरं, तीन."

"गुरुवारी सुट्टीच असती. म्हंजे सहाच दिस. त्यातलं तीन तुमी कापताय व्हय?"

वकील टाइप करायचा थांबला. मी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "सहाही दिवस येऊ देत. तो मुद्दा घालूच नका."

मी तिच्या कानाशी लागलो, की बाई, हे रोज माझ्यासमोर बसणार.

"फ्लॅट माझ्याकडे राहिला," ती तितक्याच हळू म्हणाली. "दादा तुमच्याकडे."

मी सही केली. दादांची सही कधीच झाली होती. ते वकिलाला विचारत होते की दिवसाला असे किती कागद निघतात, आणि त्यासाठी ऑफिसात दोन माणसं कशाला ठेवलीत.